तपासणाऱ्याचा रकाना

बॅचबाईंच्या हातात कुणी काहीही ठेवलं, की त्या आधी विचारायच्या, "बॅच नंबर काय?"

मी हे पहिल्यांदा ऐकलं ते ऑकलंडमधल्या मराठी मंडळींच्या गणपतीत. दोन हजार चार-पाचचा सुमार असेल. भाड्याचा हॉल, महाप्रसादाची रांग, आणि श्रीखंड वाढायला मंडळाचे सेक्रेटरी जातीने उभे, कारण श्रीखंडाच्या बाबतीत आपल्या लोकांवर विश्वास ठेवायची सोय नसते. माझ्या पुढे एक ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या बाई होत्या. अंगावर इरकल, पायात लोकरी मोजे आणि त्या मोज्यांवर जँडल, म्हणजे इथल्या रबरी चपला. वाटीत श्रीखंड पडलं आणि त्यांनी तो प्रश्न टाकला. सेक्रेटरी हसून म्हणाले, "अहो, घरचं आहे!"

"कुणाच्या घरचं? चार घरचं एका पातेल्यात ओतताना मी बघितलंय. उद्या दीडशे पोटं बिघडली तर कुणाला धरायचं?"

मी फस्सकन हसलो. बाई गर्रकन वळल्या. "हसायला काय झालं? काय करतोस तू?" मी सांगितलं, सॉफ्टवेअरमध्ये आहे, माउंट वेलिंग्टनला ऑफिस आहे. "मग तुला तरी कळायला हवं. कुठलं व्हर्जन बिघडलं ते तुम्ही शोधता ना? तेच हे." त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'सॉफ्टवेअर' झालो, तो कायमचाच. मी त्यांना तोंडावर बाई म्हणायचो आणि पाठीमागे बॅचबाई. दुसरं नाव त्यांना ठाऊक होतं आणि आवडायचंही, फक्त तसं कबूल केलं नाही कधी.

बाई ठाण्याच्या एका औषध कंपनीत सव्वीस वर्षं क्वालिटी कंट्रोलला होत्या. गोळ्यांच्या खात्यात. पावडर साच्यात पडते, वरून ठोसा बसतो, खाली गोळी बाहेर येते. त्यातल्या वीस उचलायच्या, वजन करायचं, फोडायच्या, आणि मनासारखं असलं तरच कार्डावर सही करायची. त्यांच्या सहीशिवाय एक खोकं गेटबाहेर जात नसे. नवरा गेल्यावर मुलीकडे न्यूझीलंडला आल्या. इथल्या कंपन्यांनी त्यांची सव्वीस वर्षं वाचून "लोकल एक्स्पिरियन्स नाही" असं कळवलं, आणि बाई मनुरेवाजवळच्या एका बेकरीत मफिन पुठ्ठ्याच्या खोक्यात भरायला लागल्या. मुलगी मुग्धा पुढे टौरंगाला गेली, बाई मात्र मनुरेवातच राहिल्या. "तिच्याकडे जाऊन काय करू? फ्रिज तपासू?" म्हणायच्या.

त्या बेकरीत फोर्कलिफ्ट चालवणारा ब्रूस नावाचा एक अजस्र माणूस होता. शनिवारी तो एका पिस्तूल क्लबात रेंज ऑफिसर असायचा, म्हणजे गोळीबार सुरू करा आणि थांबवा असं ओरडणारा. काडतुसं विकत न घेता घरीच भरण्याचा त्याला नाद. जुनी रिकामी पितळी पुंगळी घ्यायची, तिला ठिणगी पाडणारा नवा प्रायमर, नवी पावडर आणि वर नवं शिसं बसवायचं. एकदा डब्याच्या सुटीत त्याने कौतुकाने आपली काडतुसं बाईंना दाखवली. बाईंनी अर्थातच बॅच नंबर विचारला. ब्रूसला प्रश्नच कळेना. तो म्हणाला, "शी'ल बी राइट," म्हणजे चालून जाईल. बाई म्हणाल्या, "हू हॅज चेक्ड?"

बाईंनी त्याचं गराज बघायचा हट्ट धरला. तिथे पावडरचा डबा, साचा, ठोसा आणि दांडा ओढायचा प्रेस बघून त्या उभ्या जागी हरखल्या. मला सांगताना सुद्धा त्यांचा आवाज चढायचा. "अरे, आमचंच मशीन! फक्त माल जरा तापट!" वर्षभरात बाईंनी लायसन्स काढलं, पिस्तूल घेतलं आणि स्वतःच्या गराजमध्ये प्रेस बसवला. साठी उलटलेली बाई, बुधवारी भजन आणि शनिवारी गोळीबार.

मी क्लबात गेलो ते निव्वळ चमकोगिरी म्हणून. लग्न व्हायचं होतं, शनिवार मोकळे होते, आणि पिस्तूल म्हटलं की आपण कुणीतरी आहोत असं वाटतं. पुण्याला आईला फोनवर "बॅडमिंटन" सांगितलं. लायसन्ससाठी पोलीस घरी आले, पिस्तूल ठेवायची तिजोरी भिंतीला नीट ठोकली आहे का ते हलवून बघितलं, आणि माझ्या फ्लॅटमेटला बाजूला घेऊन विचारलं, हा माणूस कसा आहे? तो म्हणाला, कुकर घासत नाही, बाकी ठीक. एवढ्या जोरावर मला पिस्तूल मिळालं.

मग मी शहाणपणा केला. इंटरनेटवरच्या एका फोरमवर वाचलं, की पावडर कमी घातली की धक्का कमी बसतो आणि नेम सुधारतो. ब्रूसच्या गराजमध्ये बसून मी पन्नास मऊमऊ काडतुसं भरली आणि पहिल्याच सामन्यात उभा राहिलो. एक गोळी सुटली, दुसरी सुटली, तिसऱ्याला पिस्तूल अडकलं. रिकामी पुंगळी बाहेर उडायच्या ऐवजी पिस्तुलाच्या वरच्या दारातच उभी! काढली, पुन्हा तेच. चार-पाचदा असं झाल्यावर मागून हशा पिकला. एक जण म्हणाला, "स्वीट ॲज, मेट, यू'ल फिनिश बाय ख्रिसमस." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

बाई आल्या, जमिनीवरची माझी पुंगळी उचलली आणि माझ्या नाकासमोर धरली. तिच्या तोंडाला एका बाजूने पोचा आला होता. "हे बघ. काडतूस उडालं की त्याच्या धक्क्याने वरची स्लाइड मागे जाते. मागे जाताना रिकामी पुंगळी बाहेर फेकते, पुढे येताना नवीन काडतूस आत ढकलते. सगळं त्या एका धक्क्यावर चाललेलं असतं. तू धक्क्यातच काटकसर केलीस. स्लाइड अर्ध्यातून परत आली आणि तिने हिला दारात चिरडलं. अडकलेल्या पुंगळीला पोचा येतोच. माणसं काय वाट्टेल ते सांगतात, ही सांगत नाही."

"मग पावडर वाढवू का?"

"झालं! लगेच वाढवू! आधी मोजशील का नाही? पावडर किती, स्प्रिंग किती कडक, आणि मनगट किती घट्ट. मनगट ढिलं असलं तर धक्का हातच खाऊन टाकतो, स्लाइडला काही उरत नाही. ह्या तिघांतलं कोण चुकलं ते कळल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तुम्ही लोक दहा बदलता आणि मग मीटिंग घेता."

आमच्या ऑफिसबद्दल इतकं अचूक मत मी तोपर्यंत ऐकलं नव्हतं. दुसऱ्या रविवारपासून मी त्यांच्या गराजमध्ये शागीर्द म्हणून बसायला लागलो. त्यांची गाडी जपानहून आलेली जुनी होती. तिच्यातली रस्ता सांगणारी बाई जपानीतच बोलायची आणि बॅचबाई तिला "हो गं, कळलं" असं मराठीत उत्तर द्यायच्या. त्या गाडीतून आम्ही दोघं शनिवारी क्लबात जायचो आणि वाटेतल्या डेअरीत, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या दुकानात, माझ्याकडून आइस्क्रीम वसूल केलं जायचं. गराजमध्ये मात्र हसणं-खिदळणं बंद. भरलेलं प्रत्येक काडतूस पिस्तुलाच्या सुट्या नळीत सोडून बघायचं. 'टप' आवाज करून आत बसलं पाहिजे आणि नळी उलटी केल्यावर आपलं आपण बाहेर पडलं पाहिजे. जरा लांब झालं तर स्लाइड पूर्ण मिटणार नाही. "टप नाही म्हणालं, तर बाजूला. लाड नाहीत," असं म्हणून बाई माझी निम्मी काडतुसं बाजूला टाकायच्या.

प्रत्येक पन्नासाच्या डब्यात एक कार्ड असायचं. बॅच नंबर, तारीख, पावडर, प्रायमर, लांबी, आणि खाली दोन रकाने: 'बनवणारा' आणि 'तपासणारा'. क्लबातल्या बाप्यांना आधी गंमत वाटली. पण बाईंचं काडतूस कधी अडकत नाही, हे दिसल्यावर एकेक जण आपला डबा घेऊन यायला लागला. बाई त्यांची काडतुसं मोजायच्या, तोलायच्या, 'टप' करायच्या, आणि मनासारखं असलं तर तपासणाऱ्याच्या रकान्यात सही करायच्या. सहा-सहा फुटी गोरे गडी रांगेत उभे, बाईंचं 'बाय' करून "किया ओरा, बाय" असा माओरी नमस्कार घालत, आणि बाई चष्म्यावरून बघत "रिजेक्ट!" म्हणायच्या. ह्या देशात त्यांची सही कुणाला हवी होती ती फक्त तिथे. आठवडाभर मफिन भरणारी बाई शनिवारी आपल्या खुर्चीत बसायची.

त्यांच्या स्वतःच्या कार्डावर मात्र तो रकाना रिकामा. तीन वर्षांची सगळी कार्डं मी बघितली होती, एकावरही सही नाही. "बनवणाऱ्याने तपासायचं नसतं. स्वतःचं पोर कुणाला काळं दिसतं?" म्हणायच्या. ब्रूस एकदा म्हणाला, मी करतो सही, नो वरीज. बाई म्हणाल्या, "दॅट इज व्हाय, नो." मला फार वाटायचं की आपल्याला विचारावं. एकदा आडून आडून सुचवलंही. त्यांनी माझ्याकडे नखशिखांत बघितलं आणि म्हणाल्या, "आधी कुकर घास."

बाईंची काडतुसं हलकी असायची, वयोमानाप्रमाणे. हाताला झेपेल एवढाच धक्का, आणि तेवढ्यात स्लाइड फिरावी म्हणून पिस्तुलात नरम स्प्रिंग. बरोबर पुरेल इतकंच, वर शिल्लक काही नाही. त्या जमवाजमवीला त्यांना दीड वर्ष लागलं होतं. ते पिस्तूल त्यांच्या हातात शिवणयंत्रासारखं चालायचं.

मग एका हिवाळ्यात ते अडकलं. पाऊस भुरभुरत होता, आम्ही पत्र्याखाली उभे होतो आणि बाईंच्या पिस्तुलाच्या दारात पुंगळी उभी राहिली. बाईंनी पुंगळी काढून खिशात टाकली आणि उरलेला डाव खेळल्या. पुढच्या शनिवारी दोनदा. त्याच्या पुढच्या शनिवारी चारदा, आणि त्या दिवशी कुणीतरी आपला डबा तपासायला न देताच परत घेऊन गेला. बाईंनी ते पाहिलं. गाडीत जपानी बाईला सुद्धा उत्तर दिलं नाही.

नंतरचे दोन महिने मी गराजमध्ये जे पाहिलं ते बघवत नव्हतं. वजनकाटा तपासून झाला. प्रायमरची पेटी बदलली, मग स्प्रिंग बदलली, एका वेळी एकच. वीस काडतुसं फोडून पावडर परत तोलली. "तू पावडरच्या मापाला हात लावलास का?" असं मला तीनदा विचारलं, आणि तिसऱ्यांदा मी चिडलो. एकदा त्यांनी धक्का वाढवूनही बघितला. पिस्तूल झक्क चाललं, पण दोन गोळ्यांनंतर बाईंनी ते खाली ठेवलं आणि अंगठ्याचं मूळ चोळत बसल्या. "हे जास्त होतंय," एवढंच म्हणाल्या.

ब्रूस मला एकीकडे घेऊन म्हणाला, "इट्स हर रिस्ट, मेट." मला काय माहीत नव्हतं? थर्मासचं झाकण त्या हल्ली माझ्याकडे उघडायला द्यायच्या. चहाचा मग दोन्ही हातांनी धरायच्या. सगळ्या क्लबाला ठाऊक होतं की मनगट गेलंय. सांगणार कोण? सगळ्यांचा दोष शोधणारी बाई, आणि आम्ही सगळे शेपूट घालून बसलेले.

शेवटी बाईंनीच मार्ग काढला. एका शनिवारी माझ्यापुढे डबा आणि आपलं पिस्तूल ठेवलं. "तू झाड. पन्नास. माझं काडतूस, माझं पिस्तूल, तुझा हात. मी आत बसते. मी समोर असले तर तू माझं तोंड बघशील."

ब्रूस शेजारी उभा राहिला. मी पन्नास झाडल्या. देवा शपथ, प्रत्येक काडतुसागणिक मी मनात म्हणत होतो, अडक रे बाबा, एकदा तरी अडक. पन्नासच्या पन्नास पुंगळ्या टणाटण उडून एकाच कोपऱ्यात पडल्या. ब्रूसने टोपी काढली आणि डोकं खाजवलं. मी पुंगळ्या डब्यात गोळा केल्या, आत गेलो आणि बाईंच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "चार अडकल्या."

बाईंचा चेहरा असा खुलला! दोन महिन्यांत पहिल्यांदा. "बघ! मी म्हणत नव्हते? बॅचच खराब आहे. पावडरला दमट हवा लागली असणार. मी उगाच..." आणि उजव्या हाताकडे बघून त्या चक्क हसल्या. मला इतकं बरं वाटलं, की आपण पुण्याचं काम केलं अशी माझी खात्री झाली.

मग त्यांनी सवयीने डबा पुढे ओढला. चष्मा लावला. एकेक पुंगळी उचलून तिचं तोंड उजेडाकडे करून बघायला लागल्या. दहा झाल्या. वीस झाल्या. तेव्हा कुठे मला आठवलं. पन्नासावी पुंगळी त्यांनी टेबलावर उभी ठेवली.

"पोचा कुठाय?"

"अं?"

"चार अडकल्या म्हणालास. चार तोंडांना पोचे हवेत. कुठायत? खरं सांग."

"एकही नाही अडकली, बाई."

बाहेर ब्रूस कुणावर तरी ओरडत होता. मग त्या हळू म्हणाल्या, "म्हणजे काडतूस चांगलं."

"हो."

"स्प्रिंग चांगली."

"हो, बाई."

तिसरं काही त्यांनी विचारलं नाही. उजवा हात टेबलावरून उचलून मांडीवर ठेवला. मला रडू यायला लागलं, तर त्या खेकसल्या, "तू कशाला रडतोस? सव्वीस वर्षांत मला एकाने खोटा रिपोर्ट दिला होता. त्याला त्याच दिवशी गेटबाहेर काढला मी. तुला काढता येत नाही, माझ्या गाडीतून आलायस. अरे गाढवा, मी त्या चांगल्या बॅचच्या मागे वर्षभर लागले असते! सगळी पावडर फेकून दिली असती. माझी दया आली तर चहा आण. रिपोर्टात दया घालायची नाही."

मी चहा आणायला उठलो. "बस. आधी हे." त्यांनी डब्यातलं कार्ड काढलं आणि माझ्यापुढे सरकवलं, वर पेन ठेवलं. "लिही. चाचणी पन्नास, अडकली शून्य. आणि खाली सही कर."

बोट तपासणाऱ्याच्या रकान्यावर होतं. तीन वर्षं मला जिथे सही करायची होती तिथे. ती केली की बाईंचा नेमबाजीचा खेळ संपत होता, आणि हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी म्हटलं, "बाई, मी नाही करत." त्या म्हणाल्या, "तपासलंस ना? मग कर. पूर्ण नाव लिही." मी केली. कार्डाकडे न बघता ओढली, ती इतकी वाकडी, की नाव मलाच वाचता येईना.

त्यानंतर बाईंनी पिस्तूल झाडलं नाही. क्लबात मात्र चार महिने आल्या, डबे तपासायला, आणि पहिल्यापेक्षा जास्त रिजेक्ट केले. मग घर आवरलं, पिस्तूल रीतसर कागद करून क्लबाला दिलं, प्रेस माझ्या गळ्यात मारला आणि टौरंगाला मुलीकडे गेल्या. ब्रूसने निरोपाला स्वतः केलेला केक आणला होता. बाईंनी केकचाही बॅच नंबर विचारलाच. ह्या वेळी त्याने तयारी ठेवली होती. खिशातून कार्ड काढून दिलं. बाईंनी ते वाचलं आणि म्हणाल्या, "तारीख नाही."

बाई आता नाहीत, आणि मला त्यांची फार आठवण येते, विशेषतः ऑफिसात कुणी "चालून जाईल" म्हणालं की. शेवटची भेट टौरंगालाच झाली. मी गेलो तेव्हा त्या किवीफळांचं खोकं पुढ्यात घेऊन मऊ आणि कडक वेगळी करत होत्या, डाव्या हाताने. मला म्हणाल्या, पाणी घे, फ्रिजमध्ये आहे. फ्रिजच्या दारावर, मुग्धाच्या घरातल्या बिलांच्या आणि सुट्टीच्या फोटोंच्या मधोमध, चुंबकाखाली ते कार्ड लावलेलं होतं. चाचणी पन्नास, अडकली शून्य. बनवणारा, त्यांची सही. तपासणारा, माझी.

मी तिथेच उभा राहिलो. म्हटलं, "बाई, हे कशाला ठेवलंत?"

त्या खोक्यातून मान वर न करता म्हणाल्या, "का? ह्या देशात माझा एवढाच एक माल रीतसर पास झालाय. सही मात्र भिकार आहे हो तुझी."